टेबलाच्या खणातली चिठ्ठी

चिकगू जांतिंग यांना निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, तरी सकाळी साडेसहाला ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून रुआईवर येऊन बसायचेच. रुआई म्हणजे लांबघराची सामाईक ओसरी. सव्वीस बिऱ्हाडांची सव्वीस दारं तिच्यावर उघडायची, आणि ज्याला जायचं असेल, मग ते नदीवर असो की मिरीच्या मळ्यात, त्याला चिकगूंच्या पुढूनच जावं लागायचं. जाणाऱ्याला ते काही ना काही विचारायचे. धाकटा कितवीत गेला, बोटीचं इंजिन दुरुस्त झालं का, तो किडका दात काढलास का. समोरच्याचं उत्तर पुरतं व्हायच्या आधी त्यांचा सल्ला तयार असायचा. लोक ऐकून घ्यायचे. चौतीस वर्षं या माणसानं बालेह नदीकाठच्या निवासी शाळेत विज्ञान शिकवलं होतं आणि लांबघरातल्या निम्म्या बाप्यांनी त्यांच्या हातच्या छड्या खाल्ल्या होत्या. चिकगू म्हणजे गुरुजी. शाळा सुटली, पण हे नाव काही त्यांना सुटलं नाही.

त्यांच्या गोष्टी ठरलेल्या होत्या. पुरात शाळेची घंटा वाहून गेली ती एक. तपासणीला आलेला अधिकारी ओंडक्याला मगर समजून बोटीत उभा राहिला आणि बोटच उलटली ती दुसरी. आणि तिसरी चिठ्ठीची. ही तिसरी त्यांची सगळ्यांत लाडकी. ती सांगताना ते उठून उभे राहायचे.

त्यांची सून रेंबा ही त्यांचीच विद्यार्थिनी. मुलगा मेल्विन दूर जोहोरला जहाजांच्या कारखान्यात वेल्डर होता आणि वर्षातून दोनदा घरी यायचा. लग्नाआधीपासून रेंबा सिबूच्या कॉलेजात रक्त-लघवी तपासण्याचं शिक्षण घेत होती. तीन वर्षांपैकी दोन झाली, मग जेलियाच्या वेळी दिवस गेले आणि शिक्षण तिथंच थांबलं. आता जेलिया सव्वा वर्षाची झाली होती. कॉलेजनं सांगितलं होतं, जागा ठेवली आहे, या. सरकारी शिक्षण-साहाय्याच्या खात्यात जाऊन शुक्रवारपर्यंत 'मी परत शिकते आहे' एवढं कळवलं की शेवटच्या वर्षाची मदत सुरू होणार होती. नाही कळवलं तर मदत रद्द, आणि मदतीशिवाय सिबूत राहून शिकणं त्या घराला झेपणारं नव्हतं.

रेंबानं शिकावं यासाठी सगळ्यांत हट्टाला पेटले होते ते चिकगूच. सुनेनं पुन्हा शाळेत जायचं, तान्ही पोर सासूकडे टाकायची, यावर रुआईवर कुजबुज झाली तेव्हा त्यांनी भर सभेत सगळ्यांची तोंडं बंद केली होती.

आडवं आलं ते भलतंच. खात्याचा पासवर्ड रेंबाच्या फोनमध्ये लिहिलेला होता, आणि फोन गावाईच्या, म्हणजे सुगीच्या, सणात बोटीतून उतरताना नदीत गेला. पासवर्ड तिला आठवेना. मंगळवारी सासूचा फोन घेऊन ती घरामागच्या टेकडीवर चढली, कारण नेटवर्क तेवढं त्या ड्युरियनच्या झाडाखालीच येतं. तासाभरानं खाली आली ती चेहरा पाडून.

"पासवर्ड नसेल तर शेवटी एक प्रश्न विचारतात, आपाई," ती म्हणाली. आपाई म्हणजे बाबा; सासऱ्यांना ती तशीच हाक मारायची. "आपणच लिहून ठेवलेला. त्याचं उत्तर मला देता आलं नाही. वेळ संपली आणि खातं बंद झालं. आता कापिटला सरकारी कचेरीच्या खिडकीवर जायला लागेल."

"कसला प्रश्न?"

"असाच आपला."

चिकगूंना जरा रागच आला. ते खातं उघडलं तेव्हा ते स्वतः हजर होते. शालान्त परीक्षेचा निकाल लागल्यावर कॉलेजला जाणाऱ्या बारा मुलांना त्यांनी संगणकाच्या खोलीत ओळीनं बसवलं होतं आणि मागं हात बांधून फेऱ्या मारत बजावलं होतं, की आईचं नाव घालू नका, गावाचं नाव घालू नका, सगळ्या बालेहला एकमेकांच्या आयांची नावं पाठ आहेत. असं काहीतरी विचारा जे तुमचं तुम्हालाच ठाऊक, आणि जे तुम्ही मरेपर्यंत विसरणार नाही.

"एवढं सांगून तूच विसरलीस?"

"विसरले नाही," रेंबा म्हणाली आणि सूप घेऊन तांदूळ पाखडायला बसली.

चिकगूंनी ते ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. ते उद्याच्या बोटीच्या विचारात होते. रेंबा म्हणाली, मी एकटी जाऊन येते. चिकगू म्हणाले, मी येतो. ती म्हणाली, उन्हाचे कशाला दमता. ते म्हणाले, सरकारी खिडकीपुढे तुझ्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. बायकोनंही चुलीपाशी बसून एकदा म्हणून बघितलं, "तिला जाऊ द्या की तिची ती."

"आणि काम नाही झालं तर?"

इंदाई मेल्विन, म्हणजे मेल्विनची आई, पुन्हा चुलीकडे वळली. कोंबडी भरून विस्तवावर मांडलेल्या बांबूच्या नळ्या तिनं एकेक करून फिरवल्या. मुलाच्या नावानं तिला हाक मारायची रीत होती. तिचं खरं नाव लांबघरात सगळ्यांना माहीत होतं, पण रेंबानं ते कधी उच्चारलं नव्हतं, सासऱ्याचंही नाही. सुनेनं आणि जावयानं सासू-सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही. घेतलं तर बुसुंग लागतो, पोट फुगतं, शेत पिकत नाही, हातात धरलेलं काम मातीला मिळतं. चिकगू विज्ञानाचे शिक्षक, त्यांचा बुसुंगावर विश्वास नव्हता. मात्र एकदा स्वतःच्या सासूला दवाखान्यात दाखल करताना अर्जावर तिचं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा ते अर्ज तसाच टेबलावर ठेवून शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या भावाला ते लिहायला बोलावून आणायला गेले होते.

बुधवारी सकाळी उगापची लांब बोट निघाली. बोटीत मिरीची पोती होती, बदकांचा एक पिंजरा होता, आणि वरच्या दवाखान्यात नव्यानंच आलेला एक पुरुष नर्स होता. नदी भरून वाहत होती. पहिला खळाळ पार झाला, इंजिनाचा सूर लागला, तसा मागून उगाप ओरडला, "चिकगू, डॉक्टरसाहेब नवीन आहेत. त्यांना चिठ्ठीची गोष्ट सांगा की."

चिकगूंना एवढं पुरे होतं. बोटीत उभं राहता येत नव्हतं म्हणून ते फळीवर मांडी मोडून ताठ बसले.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. शालान्त परीक्षा चालू होती. बुधवारी दुपारी तांदळाच्या बोटीतून एक चिठ्ठी आली. एका मुलीची आई वरच्या अंगाला एका लांबघरात फार आजारी होती, मुलीला लगेच पाठवा असं लिहिलं होतं. गुरुवारी जीवशास्त्राचा पेपर, शुक्रवारी रसायनाचा. वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी. चिकगूंनी चिठ्ठी वाचली, घडी घातली, टेबलाच्या खणात ठेवली आणि खणाला कुलूप लावलं. कुणाला सांगितलं नाही, मुख्याध्यापकांनासुद्धा नाही. शुक्रवारी दुपारी पेपर देऊन मुलगी बाहेर आली तेव्हा तिच्या हातात चिठ्ठी दिली, बोट ठरवून दिली, डिझेल स्वतःच्या खिशातून घातलं. आई गुरुवारी संध्याकाळीच गेली होती. पण मुलीला जीवशास्त्रात पहिली श्रेणी मिळाली.

"ती चिठ्ठी तेव्हाच दिली असती तर आज काय झालं असतं?" चिकगूंनी नर्सला विचारलं. वर्गात विचारायचे तसंच. मग स्वतःच सांगितलं, "मिरी तोडत बसली असती. आणि आज कुठं आहे? कॉलेजात. ही काय, हीच ती मुलगी. माझी सून."

नर्सनं मान वळवून रेंबाकडे पाहिलं. ती पुढच्या फळीवर छत्री धरून पाठमोरी बसली होती.

"आणि आईची भेट?" त्यानं विचारलं.

"ती तशीही वाचणार नव्हती," चिकगू म्हणाले.

उगाप मागून नेहमीच्या जागी नेहमीसारखा हसला. नर्स हसला नाही, पण तो नवा होता.

कापिटच्या धक्क्यावर उतरल्यावर रेंबानं आणखी एकदा प्रयत्न केला. समोरच कॉफीचं दुकान होतं. "आपाई, तुम्ही इथं बसा ना. कोलो मी नूडल्स घ्या, कॉफी घ्या. मी पाच मिनिटांत आलेच." चिकगूंनी घड्याळ बघितलं, बारा वाजता खिडकी जेवणासाठी बंद होते असं सांगितलं आणि पुढं चालायला लागले. ती त्यांच्या चार पावलं मागून आली.

कचेरी दुसऱ्या मजल्यावर होती. चार खिडक्या, दोन चालू. त्यांच्या खिडकीवर नोरलिया नावाची तरुण कारकून बसली होती, कुचिंगहून नुकतीच बदलून आलेली, बोलायला मोकळी. मागं फायलींना दोरे बांधत एक म्हातारा शिपाई बसला होता, सालाउ नावाचा. तो इबान, म्हणजे त्यांच्याच जमातीचा होता, त्यांच्याच नदीकडचा. खिडकीपुढे दोन खुर्च्या होत्या. चिकगूंनी रेंबाला एका खुर्चीवर बसवलं आणि स्वतः दुसऱ्या खुर्चीवर बसले. मग रेंबाच्या वतीनं त्यांनीच सगळं सांगितलं: फोन कसा पडला, कॉलेजनं काय कळवलं, शुक्रवारची मुदत.

नोरलियानं रेंबाचं ओळखपत्र यंत्रात घातलं, अंगठा घेतला. "फोटो जुळला, अंगठा जुळला," ती म्हणाली. "आता एकच राहिलं. खातं उघडताना तुम्ही स्वतः एक प्रश्न लिहिला होता. तो मी वाचते, तुम्ही उत्तर सांगा, ते मी इथं घालते. जुळलं की खातं उघडलं."

रेंबा म्हणाली, "आपाई, पाणी आणता का थोडं?"

"काम झाल्यावर," चिकगू म्हणाले.

नोरलियानं पडद्यावर वाकून मोठ्यानं वाचलं, "परीक्षेच्या आठवड्यात माझ्या आईची चिठ्ठी खणात कुणी ठेवली?"

चिकगूंना आधी वाटलं, आपलीच गोष्ट कुणीतरी सांगतंय. त्यांच्या चेहऱ्यावर हसूसुद्धा आलं. 'मी' असं म्हणायला त्यांचे ओठ उघडले होते. मग त्यांचं लक्ष रेंबाकडे गेलं. ती खिडकीच्या कडेला धरून बसली होती आणि तिची नखं पांढरी पडली होती. चिकगूंच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी राहिलं. त्याचं काय करायचं ते त्यांना समजेना.

"आठवत नाही का?" नोरलियानं विचारलं.

"आठवतं."

"मग सांगा."

"सांगता येत नाही."

"बरं, लिहून द्या." नोरलियानं कागद आणि पेन खिडकीतून पुढं सारलं. रेंबानं पेन उचललं. कागदावर टेकवलं. शाईचा एक ठिपका उमटला आणि तेवढाच राहिला. तिनं पेन खाली ठेवलं.

नोरलियाला आता संशय यायला लागला. खातं तुमचंच आहे ना, असं तिनं पहिल्यांदाच जरा कोरड्या आवाजात विचारलं. त्यावर मागं बसलेला सालाउ हसला. दोरा दातानं तोडत म्हणाला, "मॅडम, तिला नका छळू. सासऱ्याचं नाव असणार. आमच्या बायका जीव देतील पण ते तोंडातून काढणार नाहीत, लिहिणार पण नाहीत. त्या सासऱ्यालाच बोलवा म्हणावं. म्हातारा स्वतःच येऊन सांगेल, चिठ्ठी कुठं दडवली ते."

तो आणखी काही बोलणार होता. पण त्याची नजर रेंबाच्या शेजारच्या खुर्चीवर गेली, पांढऱ्या सदऱ्यावर, आणि तो थांबला. मग त्यानं फाइल उचलली, उगाचच उलटी केली आणि परत ठेवली.

खिडकीवरचा पंखा फिरत होता. शेजारच्या खिडकीवर कुणाला तरी पावती मिळाली, ते माणूस चपला वाजवत निघून गेलं. चिकगूंच्या कानांत मात्र त्यांचा स्वतःचा आवाज घुमत होता, सकाळी बोटीत ऐकवलेला. ती तशीही वाचणार नव्हती. हे वाक्य त्यांनी किती वेळा म्हटलं होतं? त्या वाक्यानंतर ते नेहमी थोडे थांबायचे, लोकांना विचार करायला वेळ मिळावा म्हणून. त्या थांबण्यात रेंबा काय करत असायची? तुआकचे, तांदळाच्या दारूचे, पेले भरत असायची. त्यांचाही पेला तीच भरायची.

संगणकाची खोली त्यांना दिसली. बारा मुलं, बारा पाठी, आणि तिसऱ्या रांगेत ही. मरेपर्यंत विसरणार नाही असं काहीतरी विचारा, असं म्हणत ते तिच्या मागून गेले होते. तेव्हा ती हेच लिहीत होती. ते तिच्या खांद्यामागून डोकावलेसुद्धा असतील. दुरून नुसती मान खाली घातलेली दिसली असेल, आणि त्यांना बरं वाटलं असेल, की पोरगी मन लावून काम करते.

घड्याळात पावणेबारा झाले होते. नोरलिया म्हणाली की उत्तर खातेदारानं स्वतः द्यायला हवं, दुसऱ्या कुणी देऊन चालणार नाही, नाहीतर अर्ज कुचिंगला पाठवावा लागेल आणि त्याला महिना लागतो.

रेंबानं डोळे मिटले. तिचे ओठ हलले. चिकगूंना कळलं की ती आता नाव घेणार आहे. सहा वर्षांपूर्वी आईसाठी लिहिलेलं नाव आज जेलियाच्या आजोबांचं झालं होतं, आणि ते ती घेणार होती, कारण दुसरा मार्ग राहिला नव्हता.

"थांब," ते म्हणाले.

त्यांनी मागच्या खिशातून पाकीट काढलं. ओळखपत्र कप्प्यातून निघेना, दोनदा निसटलं. निघालं तेव्हा त्यांनी ते नोरलियाला दिलं नाही. रेंबापुढे ठेवलं, अक्षरं वर करून.

रेंबानं ते पाहिलं नाही. नजर खिडकीच्या काचेवर ठेवूनच तिनं दोन बोटांनी ते कार्ड पुढं ढकललं, काचेखालच्या फटीतून पलीकडे.

"हे माझं उत्तर," ती म्हणाली.

नोरलियानं कार्ड उचललं. त्यावरचं नाव वाचलं, मग चिकगूंच्या तोंडाकडे पाहिलं, मग पुन्हा कार्डाकडे. "जांतिंग अनाक उंपांग," ती हळूच म्हणाली आणि एकेक अक्षर घालत गेली.

खातं उघडलं.

पुढचं सगळं भराभर झालं. शिक्षण पुन्हा सुरू होणार असल्याचं नोंदवलं गेलं, शिक्का बसला, पावती आली. नवा पासवर्ड ठरला. शेवटी नोरलियानं खिडकीकडे कीबोर्ड वळवून दिला, "आता नवा प्रश्न लिहायचा आणि त्याचं उत्तर." त्यावर चिकगू उठले. पाणी आणतो म्हणाले आणि जिना उतरून खाली गेले. पाणी वरच्या मजल्यावरच, दाराशेजारी होतं.

खाली रस्त्याच्या कडेला पायरीवर ते बसले. एरवी ते रस्त्याच्या कडेला बसणारे नव्हते. समोरून ओळखीचा एक माणूस गेला, "काय चिकगू, बाजार?" असं म्हणाला. त्याला काय उत्तर दिलं ते त्यांना नंतर आठवलं नाही.

रेंबा आली आणि एक पायरी सोडून खाली बसली.

"किती वेळा सांगितली मी ती?" चिकगूंनी विचारलं.

"मोजलं नाही. गावाईला दर वर्षी. कुणी नवीन आलं की. आमच्या लग्नात माईकवर."

"मेल्विनला माहीत आहे?"

"तेव्हाच कळलं त्याला. त्याआधी मी नुसतं सांगितलं होतं, आई गेली तेव्हा मी शाळेत होते."

चिकगूंनी तोंडावरून हात फिरवला. मग हे विचारावं की नाही ते कळत नसतानाच विचारून टाकलं, की या घरात लग्न करून आलीच कशाला.

"मी मेल्विनशी लग्न केलं," रेंबा म्हणाली. "आणि तुम्ही वाईट आहात असं नाही, आपाई. मला परत शिकायला तुम्हीच पाठवताय. मला फक्त दर वेळी वाटायचं, आज जरा वेगळी सांगतील. शेवट तरी."

खाली धक्क्यावर एक मोठी बोट शिट्टी देत लागली. मग आवाज न चढवता, एखादी हरवलेली वस्तू कुठं होती ते सांगावं तसं, रेंबानं सांगितलं, "मावशी जवळ होती. आई बुधवारी रात्रीपर्यंत शुद्धीत होती म्हणाली. गुरुवारी दिवसभर पण. नदीवर इंजिनाचा आवाज आला की मान दाराकडे वळवायची. संध्याकाळी शेवटची बोट गेली, मग वळवली नाही."

बुधवारी दुपारी चिठ्ठी हातात पडली होती. त्या दुपारी एक बोट वर जाणार होती. हे चिकगूंना तेव्हा माहीत होतं. गोष्टीत ते हे कधी सांगत नसत; कधी सांगावंसं वाटलं नव्हतं, कारण त्यानं गोष्ट लांबायची.

रेंबानं आपल्या बाटलीतलं पाणी त्यांना दिलं. ते त्यांनी प्यायलं.

"बोट दोनला आहे," थोड्या वेळानं ते म्हणाले. "तू धक्क्यावर थांब. मी येतो."

बाजारात त्यांनी दोन दुकानं केली. एका दुकानातून हातभर लांबीचं साधं पोलादी पातं घेतलं, जंगलात झुडपं तोडायला वापरतात तसलं. दुसऱ्यातून झाकणाचं एक लहानसं मातीचं भांडं, तपकिरी. दुकानदार चिनी होता, पिढ्यान्‌पिढ्या कापिटमध्येच राहिलेला. पातं आणि भांडं एकाच माणसाच्या हातात बघून त्यानं किमतीवर घासाघीस केली नाही. कुणाच्या जिवाला कुणी मोठा हादरा दिला, की ज्यानं दिला त्यानं या दोन वस्तू घेऊन जायच्या. जीव लोखंडासारखा टणक व्हावा आणि भांड्यात सुखरूप राहावा म्हणून. सोबत एक कोंबडी. अशा कितीतरी तडजोडींना चिकगू स्वतः वडीलधारे म्हणून बसले होते. कुणी कुणाला काय द्यावं हे त्यांनीच ठरवून दिलं होतं, वर चार उपदेशाचे शब्दही ऐकवले होते. स्वतःसाठी या वस्तू घ्यायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. येईल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते पुडकं मांडीवर घेऊन ते बोटीत बसले. उगापनं काम झालं का विचारलं. रेंबा हो म्हणाली. परतीला दोन नवे प्रवासी होते, दूरध्वनीचा मनोरा उभारायला आलेले. उगापनं सवयीनं तोंड उघडलं, "चिकगू, यांनी पण ऐकली नसेल," आणि मग चिकगूंचा चेहरा बघून इंजिनाची दोरी जरा जास्तच जोरात ओढली.

दुसऱ्या वळणानंतर चिकगूंनी ते पुडकं रेंबाच्या बाजूला फळीवर ठेवलं. कागद वाऱ्यानं सुटला. पात्याचं टोक दिसलं, भांड्याचं झाकण दिसलं. रेंबा बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. पहिल्यांदाच दिवसभरात तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसले नाहीत.

"हे असं बोटीत नाही घ्यायचं," ती म्हणाली.

"मग?"

"रुआईवर. जिथं सांगायचात तिथंच. सगळे बसले असताना."

चिकगूंनी समोर पाहिलं. रुआईवर सव्वीस बिऱ्हाडं बसलेली त्यांना दिसली. त्यांच्या छड्या खाल्लेले सगळे बाप्ये, त्यांची बायकापोरं. आणि मधोमध आपण, उभे. बुधवारी दुपारी एक बोट वर जाणार होती, इथून सुरुवात करावी लागणार होती.

"बरं," ते म्हणाले.

"मी चिठ्ठी पण आणीन," रेंबा म्हणाली. "आहे माझ्याजवळ."

त्यांनी मान हलवली. खळाळ आला तेव्हा भांडं घरंगळू नये म्हणून तिनंच ते पायांत घट्ट धरलं.

लांबघराचा धक्का दिसला तेव्हा ऊन उतरलं होतं. इंदाई मेल्विन जेलियाला कडेवर घेऊन पायऱ्यांवर उभी होती. रेंबानं बोटीतूनच पावती उंच धरून दाखवली. जेलिया आईला बघून हात नाचवायला लागली. चिकगू सावकाश उतरले. पुडकं त्यांनी परत आपल्या हातात घेतलं होतं आणि कागद कधीच फाटून गेला होता, त्यामुळे काय आहे ते कुणालाही दिसत होतं.

इंदाई मेल्विननं पात्याकडे पाहिलं, भांड्याकडे पाहिलं. जेलियाला रेंबाच्या कडेवर दिलं, नेसत्या कापडाला हात पुसले आणि ती तशीच पायऱ्या चढून घरामागं, कोंबड्यांच्या खुराड्याकडे गेली.